जुन्या एंजिनाची ताकद कशी मोजतात?

मोटारींच्या शर्यती तुम्ही चित्रात तरी पाहिल्या असतीलच. पण ज्या शर्यतीत मोटारच नसते, चाके नसतात, रस्ताही नसतो, अशी शर्यत तुम्हाला ठाऊक आहे का? अमेरिकेत ‘पॉप्युलर हॉट रॉडिंग’ या मासिकाने २००२ साली ‘एंजिन मास्टर्स चॅलेंज’ नावाची अशी स्पर्धा सुरू केली. स्पर्धक आपापले एंजिन जुळवून आणत. ते एका चौथऱ्यावर घट्ट बसवले जाई, त्याच्या दांड्याला शक्तिमापक यंत्र जोडले जाई आणि एंजिन चालवून गुण दिले जात. जुन्या रचनेची एंजिने बांधणाऱ्या हौशी कारागिरांनाही अशा परीक्षेचे मोठे आकर्षण असते. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे एंजिन घ्यायचे आणि त्यातून मूळ कारखान्याला मिळाली नव्हती एवढी शक्ती काढायची! हे कसे साधते, आणि ते साधले हे कसे सिद्ध करायचे? दोन्ही प्रश्नांची उत्तरे तुमच्या पाठ्यपुस्तकातील पदार्थविज्ञानातच आहेत.

पीळ आणि शक्ती

बल आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराला आघूर्ण म्हणतात, हे तुम्ही तरफेच्या धड्यात शिकला आहात. एंजिनाच्या फिरत्या दांड्यावरील आघूर्णाला कारागीर टॉर्क म्हणतात. आपण त्याला पीळ म्हणू. शक्तिमापक यंत्र अश्वशक्ती थेट मोजत नाही. ते मोजते फक्त दोन गोष्टी: पीळ आणि दर मिनिटाचे फेरे. शक्ती त्यांवरून काढावी लागते. पीळ न्यूटन-मीटरमध्ये घेतला, तर

शक्ती (वॉट) = २ × π × दर मिनिटाचे फेरे × पीळ ÷ ६०

या शक्तीला ७४६ ने भागले की अश्वशक्ती मिळते.

पीळ मोजायची युक्ती फ्रान्समधील गास्पार द प्रोनी यांनी १८२१ साली शोधली. फिरणाऱ्या चाकाला लाकडी ठोकळ्यांनी आवळून धरायचे, ठोकळ्यांना लांब दांडा जोडायचा, आणि तो दांडा चाकाबरोबर फिरू नये म्हणून टोकाला किती वजन टांगावे लागते ते पाहायचे. वजनाचे बल गुणिले दांड्याची लांबी, झाला पीळ! मात्र सगळी ऊर्जा घर्षणाने उष्णता बनत असल्याने ठोकळे तापतात. १८७७ साली विल्यम फ्रूड यांनी ठोकळ्यांऐवजी पाणी वापरले. दांड्यावरील चकती पाण्यात फिरते, पाणी तिला विरोध करते आणि तापलेले पाणी वाहून जाते. आजही मोठ्या एंजिनांच्या परीक्षेत पाण्याचा ब्रेक वापरतात. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत दोराचा साधा ब्रेक असतो, तर १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत वाहनांच्या एंजिनांची रीतसर चाचणी होते.

एक जुने एंजिन

आता उदाहरणासाठी एक प्रसिद्ध जुने एंजिन घेऊ. फोर्ड कंपनीने १९३२ साली आठ सिलिंडरांचे ‘फ्लॅटहेड’ एंजिन बाजारात आणले. त्याचे आकारमान २२१ घन इंच, म्हणजे सुमारे ३६२० घन सेंटीमीटर, आणि शक्ती अवघी ६५ अश्वशक्ती. आजच्या मोटारींत याच्या निम्म्या आकाराची एंजिनेही याहून जास्त शक्ती देतात. मग हे एंजिन कुठे कमी पडते?

दोष त्याच्या झडपांच्या जागेत आहे. आजच्या एंजिनात झडपा दट्ट्याच्या डोक्यावर असतात. फ्लॅटहेडमध्ये त्या सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्ये बसवलेल्या असतात. वरचे झाकण म्हणजे एक सपाट पत्रावळच जणू. म्हणून हे नाव. आत येणारी हवा झडपेतून आधी वर चढते, मग झाकणाखालून आडवी सरकते आणि शेवटी खाली सिलिंडरमध्ये उतरते. जळलेल्या वायूची वाट तर याहून बिकट. तो ब्लॉकच्या आतून, थंड पाण्याच्या कप्प्यांजवळून बाहेर पडतो आणि पाणी तापवतो. प्रत्येक बाजूला सिलिंडर चार, पण धूर बाहेर जाण्याची दारे तीनच! मधल्या दोघांना एकाच दारातून जावे लागते.

दाब वाढवावा की वाट मोकळी ठेवावी?

दट्ट्या खाली असताना वरची एकूण जागा आणि तो वर असताना उरलेली जागा यांच्या गुणोत्तराला संपीडन गुणोत्तर म्हणतात. १९३२ च्या फ्लॅटहेडमध्ये ते सुमारे ५.५ होते. आदर्श एंजिनाच्या गणिताप्रमाणे ५.५ गुणोत्तराला कार्यक्षमता ४९ टक्के येते, तर ८ ला ५६ टक्के. प्रत्यक्षात दोन्ही आकडे बरेच कमी असतात; पण गुणोत्तर वाढवले की तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम मिळते, हे खरे.

मग ते ८ करून टाकावे, नाही का? जरा हिशेब करून पाहा. एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ४५३ घन सेंटीमीटर आहे. गुणोत्तर ५.५ असेल तर दट्ट्या वर असताना सुमारे १०१ घन सेंटीमीटर जागा उरते. गुणोत्तर ८ करायचे तर ती ६५ वर आणावी लागेल. पण याच जागेत झडपांना उघडायचे आहे आणि याच जागेतून हवेला वाट काढायची आहे! झाकण खाली आणावे तर हवेचा गळा आवळला जातो; हवेची वाट मोठी करावी तर दाब घसरतो. म्हणून कुशल कारागीर झाकणाच्या आतील खळगा सगळीकडून सारखा कमी करत नाही. दट्ट्याच्या वर जेथे हवेला वाट नको असते तेथे तो झाकण अगदी जवळ आणतो, आणि झडपेपासून सिलिंडरपर्यंतची वाट राखून ठेवतो. चिंचोळ्या जागेतून वायू जोराने फेकला गेल्याने मिश्रण घुसळले जाते आणि लवकर जळते, हा आणखी एक फायदा. इंग्लंडच्या हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धानंतर अशाच एंजिनांसाठी ही कल्पना विकसित केली होती.

सर्वांत मोठा आकडा जिंकतो का?

येथे स्पर्धेचा नियम पाहण्यासारखा आहे. गुण एका सर्वोच्च आकड्यावर मिळत नसत. ठरावीक वेगमर्यादेतील पिळाची सरासरी आणि शक्तीची सरासरी यांची बेरीज करून तिला एंजिनाच्या आकारमानाने भागत. म्हणजे मोठे एंजिन आणले म्हणून फायदा नाही. समजा, सारख्याच आकाराची दोन एंजिने आहेत. दर मिनिटाला २०००, ३०००, ४००० आणि ५००० फेऱ्यांवर त्यांचा पीळ न्यूटन-मीटरमध्ये असा आहे:

पहिले एंजिन: २८०, ३००, २७०, २१०
दुसरे एंजिन: १८०, २३०, २७०, २६०

सूत्र वापरून शक्ती काढा. पहिल्याची सर्वांत जास्त शक्ती ११३ किलोवॉट येते, दुसऱ्याची १३६. जाहिरात करायची तर दुसरेच एंजिन बाजी मारील. पण सरासरी काढली तर पहिल्याचा पीळ २६५ आणि शक्ती ९४ किलोवॉट. दुसऱ्याचा पीळ २३५ आणि शक्ती ९० किलोवॉट. म्हणजे जिंकते पहिले!

असा फरक का पडतो? दर मिनिटाला २००० फेऱ्यांवर हवा आत घेणाऱ्या फेरीला १५ मिलिसेकंद मिळतात; ५००० वर फक्त ६. झडप जास्त वेळ उघडी ठेवली तर वेगात फायदा होतो, पण मंद गतीत आत आलेली हवा परत बाहेर ढकलली जाते. दोन्ही टोके एकदम साधत नाहीत. काय सोडायचे ते कारागिराने ठरवायचे.

एका वेळी एकच बदल

ठिणगी केव्हा पाडावी, हाही असाच प्रश्न. मिश्रण जळायला थोडा वेळ लागतो, म्हणून दट्ट्या वर पोचण्याआधीच ठिणगी पाडतात. दर मिनिटाला ३००० फेऱ्यांवर दांडा एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो! ठिणगी उशिरा पडली तर दाब वाया जातो. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या दट्ट्याला विरोध होतो, कधी एंजिन ठोके देऊ लागते. नेमका अंश शोधायला शक्तिमापकावर दोन-दोन अंशांनी बदल करून पीळ पाहावा लागतो. ठिणगी आणि कार्बुरेटर एकाच वेळी बदलले, तर फायदा कशाने झाला ते कसे कळणार?

शिवाय हवाही फसवते. दाब तोच असताना हवा १५ अंश सेल्सिअसवरून ३५ वर गेली, तर तिची घनता २८८ भागिले ३०८ या प्रमाणात, म्हणजे सुमारे साडेसहा टक्के घटते. सकाळी मोजलेले एंजिन दुपारी अशक्त झाल्यासारखे दिसेल. आणि दुपारी मोजलेल्या एंजिनात काहीही न बदलता दुसऱ्या दिवशी सकाळी ‘सुधारणा’ दिसेल! म्हणून तापमान, दाब आणि आर्द्रता नोंदवून आकडे ठरावीक हवेच्या मानाने दुरुस्त करतात. हे न करता सांगितलेल्या अश्वशक्तीवर विश्वास ठेवू नये.

करून पाहा

सायकल उलटी ठेवून मागच्या चाकाचा टायर शिक्षकांच्या मदतीने काढा. धावेवरून, आरे आणि साखळी यांना न लागता, एक दोर अर्धा वेढा देऊन त्याची दोन्ही टोके दोन स्प्रिंग काट्यांना बांधा. एकाने हाताने पेडल फिरवावे, दुसऱ्याने दोन्ही काटे वाचावेत, तिसऱ्याने चाकाचे मिनिटातले फेरे मोजावेत. बोटे चाकापासून दूर ठेवा. काट्यांच्या वाचनांतील फरक २० न्यूटन, त्रिज्या ०.३ मीटर आणि फेरे १०० असले, तर पीळ ६ न्यूटन-मीटर आणि शक्ती सुमारे ६३ वॉट, म्हणजे एक-बारांश अश्वशक्ती. मग दोर अधिक ताणा आणि पुन्हा मोजा. पीळ वाढेल, फेरे कमी होतील. शक्ती वाढेल की घटेल? ती कोणत्या वेगाला सर्वांत जास्त येते, याचा आलेख काढा. तुमच्या हाताच्या ‘एंजिना’चा हाच शक्ती-आलेख. वर्गातल्या प्रत्येकाचा आलेख वेगळा येईल. तेव्हा विजेता कसा निवडायचा, सर्वोच्च आकड्यावर की सरासरीवर, हे आधी ठरवा आणि मगच स्पर्धा सुरू करा.