‘एवढंच ना?’ म्हणता म्हणता...

सिनेमा सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं तुम्हाला वाटेल, चुकून एखादी कॉलेज लव्हस्टोरी लावली की काय! पांढऱ्याशुभ्र टेनिसच्या कपड्यांतली मुलंमुली सायकलींवरून एका भल्यामोठ्या बागेत शिरतात. हसणं-खिदळणं, थट्टामस्करी. पण ही गँग इथे का आलीये? कारण त्यांच्यातल्या ज्यूंना शहरातल्या टेनिस क्लबने बाहेर काढलंय.

सिनेमा आहे ‘द गार्डन ऑफ द फिंझी-कॉन्टिनिस’. जॉर्जो बास्सानीच्या 1962 च्या कादंबरीवर ‘बायसिकल थीव्ह्ज’वाल्या व्हित्तोरिओ डी सिकाने तो 1970 मध्ये केला. बर्लिनचं गोल्डन बेअर आणि ऑस्कर, दोन्ही त्याला मिळाले.

गोष्ट घडते इटलीतल्या फेरारा शहरात. 1938 मध्ये मुसोलिनीच्या सरकारने ज्यूंविरुद्ध कायदे आणले. फिंझी-कॉन्टिनी हे गडगंज श्रीमंत ज्यू कुटुंब. क्लब बंद? आमच्या कोर्टवर खेळा. जॉर्जोला सार्वजनिक वाचनालयातून हाकललं? मिकोलचे बाबा त्याला स्वतःची लायब्ररी उघडून देतात. जॉर्जो मिकोलच्या आकंठ प्रेमात, ती मात्र त्याला जवळ येऊ देत नाही. बाहेर जग आवळत चाललंय आणि आत टेनिस चालूच!

जॉर्जोचे बाबा तर जास्तच ओळखीचे वाटतील. काय काय बंद झालं ते ते घरात मोजून दाखवतात: मिश्र विवाह नाही, सरकारी शाळा नाही... आणि तरीही ‘नागरिक म्हणून जगता येतंय ना’ अशी स्वतःची समजूत घालतात. इथे राग येत नाही, पोटात गोळा येतो. कारण आपणही असेच अॅडजस्ट करत जातो. एकेक गोष्ट हातातून सुटते आणि दर वेळी आपण म्हणतो, ‘एवढंच ना?’

मग 1943 मध्ये पोलीस थेट बंगल्याच्या दारात येतात. पकडलेल्या सगळ्यांना एका शाळेत आणतात. तिथे वर्गात मिकोलला जॉर्जोचे बाबा भेटतात. उंच भिंतीमागे राहणारी मिकोल आणि साध्या घरातले ते, आता एकाच खोलीत. डी सिका छळछावणी दाखवतच नाही. ती रिकामी वाटणारी बाग पुरेशी असते.

तुम्ही हा सिनेमा रोमान्स म्हणून बघायला बसलात तरी चालेल. फक्त बघताना एक करा: ‘एवढंच ना?’ असं कोण, कितव्यांदा म्हणतंय, ते मोजत राहा. त्यात स्वतःलाही धरा.