सूत आणि टिंब

जव्हार-मोखाड्याकडे कारवीच्या कुडाचे घर बांधायचे, तर हात आणि वीत एवढे माप पुरते. बोटभर इकडेतिकडे झाले तरी चालते. वरून शेणामातीचा लेप बसतो ना! पण खिडकीला काच बसवायची झाली, म्हणजे बोटभर फरक चालत नाही. तिथे इंच लागतो, आणि इंचाच्या खाली सूत लागते.

एका इंचाचे आठ सारखे भाग केले, त्यातला एक भाग म्हणजे सूत. सुतार टेप धरतो आणि सांगतो, "सतरा इंच पाच सूत." आपल्याला ते कळते. पण काचवाल्याच्या हातात कॅल्क्युलेटर असतो. त्या यंत्राला सूत ठाऊक नाही. त्याला टिंब ठाऊक आहे. मग कुणीतरी घाईघाईने चिठ्ठीवर लिहितो, १७.५. काच कापून घरी येते, आणि एक सूत तोकडी पडते. काच काही ओढून लांब करता येत नाही. काचेचे पैसे गेले, एसटीचे भाडेही गेले!

असे का झाले? टिंबाच्या पुढे आठ भाग नसतात, दहा असतात. .५ म्हणजे दहातले पाच, म्हणजे अर्धा इंच. अर्ध्या इंचाचे तर चारच सूत. पाचवे सूत लिहिलेच गेले नाही.

मग सूत टिंबाने लिहायचे कसे? आपण रुपयाकडे पाहू. पूर्वी रुपया सोळा आण्यांचा होता. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चवली-पावली आठवत असेल. चवली दोन आण्यांची, म्हणजे रुपयाचा आठवा भाग. सूत म्हणजे इंचाची चवलीच म्हणा ना! शंभर पैशांचे आठ वाटे केले, तर एका वाट्याला साडेबारा पैसे येतात. टिंब देऊन ते असे लिहितात : .१२५. शेवटचा ५ हा तो अर्धा पैसा.

२ सूत म्हणजे पाव, .२५. ४ सूत म्हणजे अर्धा, .५. ६ सूत म्हणजे पाऊण, .७५. हे तिन्ही आपल्या रोजच्या बोलण्यातले. त्यांत .१२५ मिळवा, की ३ सूत .३७५, ५ सूत .६२५ आणि ७ सूत .८७५. म्हणून चिठ्ठीवर लिहावे, १७.६२५.

.६२५ मोठे की .७५? आकडे जास्त म्हणून .६२५ मोठे वाटेल. पण .७५ म्हणजे .७५०. शून्य देऊन पाहिले की शंका राहत नाही.

टेपच्या दुसऱ्या कडेला मिलिमीटर असतात. एका इंचाचे बरोबर २५.४ मिलिमीटर. आपली काच १७.६२५ गुणिले २५.४, म्हणजे ४४७.६७५ मिलिमीटर. "एक सूत म्हणजे तीन मिलिमीटर" असे तोंडी बोलतात. एका-दोन सुतांना ते चालेल. पण या काचेचे सूत १४१. त्याला तीनने गुणले तर येतात ४२३ मिलिमीटर. म्हणजे काच जवळजवळ इंचभर कमी!