पेल्याचें वेष्टन आणि पेटंटाची कसोटी

कढत चहाचा पेला पदराच्या टोंकानें धरून ओठांशीं नेणारी आजी आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. हात भाजूं नये म्हणून पेला व बोटें यांमध्यें कांहींतरी घालावें, ही कल्पना प्रथम कोणास सुचली हें सांगतां येणार नाहीं. मग अशा जुन्या कल्पनेवर एखाद्या मनुष्यास सरकारनें पेटंट द्यावें हें कसें? आणि दिलेंच तर तें ग्राह्य आहे कीं नाहीं हें कसें पारखावें? कागदी पेल्यावर चढवावयाचें पुठ्ठ्याचें वेष्टन उदाहरणादाखल घेऊन हा विषय आम्ही येथें स्पष्ट करूं इच्छितों.

पेटंट हें बक्षीस नव्हे. तो शोधक व समाज यांमधील एक करार होय. शोधकानें आपली युक्ति उघड लिहून द्यावी आणि त्याच्या बदल्यांत ठराविक वर्षें इतरांनीं ती त्याच्या परवानगीवांचून वापरूं नये, असा तो करार. ही मुदत हल्लीं बहुतेक देशांत अर्जाच्या दिवसापासून २० वर्षांची असते. ती सरली कीं युक्ति सर्वांची होते. परंतु जी युक्ति मुळांतच सर्वांची आहे ती एकाच्या नांवें लिहून देणें म्हणजे गांवच्या विहिरीवर एका घरचें कुलूप लावण्यासारखें आहे. म्हणून कायद्यानें तीन कसोट्या घातल्या आहेत. युक्ति नवी असावी. त्या धंद्यांतील जाणत्या कारागिरास ती सहज सुचण्यासारखी नसावी. आणि ती उपयोगी असावी. वेष्टनाचा उपयोग कोणीच नाकारणार नाहीं. वाद पडतो तो पहिल्या दोन कसोट्यांविषयीं.

अमेरिकेंतील पोर्टलंड शहरीं जे सोरेन्सन नांवाचे गृहस्थ १९८९ सालीं आपल्या मुलीस मोटारींतून शाळेंत पोंचवीत होते. वाटेंत कॉफीच्या पेल्यानें त्यांचीं बोटें भाजलीं आणि पेला मांडीवर सांडला. त्या अपघातांतून त्यांस पुठ्ठ्याच्या पट्ट्याची कल्पना सुचली व १९९५ सालीं तिचें पेटंट मिळालें. परंतु डेव्हिड कॉफिन यांस त्यापूर्वीं, १९९३ सालींच, पन्हाळीदार पुठ्ठ्याच्या वेष्टनाचें पेटंट मिळालें होतें. त्याहून मागें गेल्यास १९४७ सालीं एडवर्ड एगर यांनीं पेल्याभोंवतीं बसणाऱ्या वेष्टनाचें पेटंट घेतलेलें आढळतें, आणि १९२० नंतरच्या दशकांत जेम्स पिपकिन यांनीं थंड पेयाच्या बाटलीसाठीं तसेंच साधन योजलें होतें. पन्हाळीदार कागदांत बाटल्या गुंडाळण्याचें पेटंट तर १८७१ सालचें, आल्बर्ट जोन्स यांचें आहे. तुर्कस्थानांत बिनकानाच्या कॉफीच्या पेल्याला ‘झर्फ’ नांवाचें धातूचें कोंदण घालण्याची चाल याहूनहि जुनी आहे.

हें सर्व ऐकून ‘सोरेन्सन यांचें पेटंट खोटें’ असा निकाल देण्याचा मोह होईल. परंतु येथेंच खरी मेख आहे. पेटंट पारखतांना वस्तूचें नांव पाहावयाचें नसतें. अर्जाच्या शेवटीं लिहिलेल्या दाव्याचा शब्द न् शब्द पाहावयाचा असतो. ‘पेल्याभोंवतीं घालावयाचें वेष्टन’ एवढाच दावा असता तर एगर यांच्या एका कागदानें तो कोसळला असता. सोरेन्सन यांचा दावा असा नव्हता. पेला आणि त्यावरील पट्टा. पट्ट्याच्या आंतल्या बाजूस जवळजवळ सर्वत्र एकमेकांपासून सुटे असे अर्धगोल खळगे. आणि त्या खळग्यांमुळें पेला व पट्टा यांमध्यें राहणारी हवा, जिच्यामुळें उष्णता बोटांपर्यंत सावकाश पोंचते, इतक्या गोष्टी एकत्र असतील तरच तो लागू पडतो. कॉफिन यांच्या वेष्टनांतहि हवाच हात राखते. परंतु ती पुठ्ठ्याच्या लांब पन्हाळींत कोंडलेली असते. पन्हाळ आणि खळगा या दोन वस्तू भिन्न आहेत. जुन्या एकाच लेखांत दाव्यांतील सर्व अंगें सांपडलीं तरच नावीन्य गेलें असें म्हणतात.

तथापि दुसरी कसोटी उरतेच. पन्हाळीच्या जागीं खळगे करणें हें जाणत्या कारागिरास सहज सुचलें असतें काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६६ सालीं याची रीत घालून दिली: पूर्वीं काय ठाऊक होतें, नव्यांत फरक कोणता, आणि त्या धंद्यांतील सामान्य कारागिराचें ज्ञान किती, हें क्रमानें पाहावें. २००७ सालीं त्याच न्यायालयानें बजावलें कीं हा कारागीर म्हणजे कांहीं यंत्र नव्हे. त्यास व्यवहारबुद्धि असते हें विसरूं नये. मात्र शोध डोळ्यांसमोर आल्यावर तो सर्वांसच सोपा वाटतो. म्हणून परीक्षकानें स्वतःस शोधापूर्वींच्या दिवसांत नेऊन बसवावें लागतें. एकदां दिलेलें पेटंट तेथें ग्राह्य मानलें जातें, आणि तें मोडूं पाहणाऱ्यानेंच स्पष्ट पुरावा आणावा लागतो.

आपल्या देशांत १९७० च्या कायद्याप्रमाणें पेटंट मिळण्यापूर्वीं कोणासहि हरकत घेतां येते आणि मिळाल्यावरहि तें रद्द करण्याची मागणी करतां येते. मिर्झापूरच्या भांडीं घडविण्याच्या धंद्यांतील एक खटला आमच्या सर्वोच्च न्यायालयापुढें आला होता. चरकावर भांडें धरून ठेवण्याच्या युक्तीचें तें पेटंट होतें. जुन्याच साधनांत केलेली किरकोळ सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असें ठरवून न्यायालयानें १९७८ सालीं तें अग्राह्य मानलें.

सोरेन्सन व कॉफिन यांच्या त्या पेटंटांची मुदत आतां संपली आहे. खळगे आणि पन्हाळी दोन्हीं सर्वांचीं झालीं आहेत. परंतु त्यांपासून घेण्याचा धडा संपलेला नाहीं. नाहक पेटंट टिकलें तर गरीब कारागिराचा धंदा बुडतो. योग्य पेटंट मोडलें तर बोटें भाजून घेऊन खपणाऱ्याचे श्रम वायां जातात. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, ‘हें माझें’ असें म्हणण्यापूर्वीं पूर्वजांचें किती आहे तें प्रामाणिकपणें मोजावें. आणि ‘यांत काय नवें?’ असें दुसऱ्यास विचारण्यापूर्वीं त्यानें नेमकें काय म्हटलें आहे तें शेवटच्या शब्दापर्यंत वाचावें.