उसाच्या गावातले ताट

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातले श्रीपूर हे गाव साखरेच्या आधाराने वाढले आणि साखरेमुळेच ओळखले गेले. नीरा उजव्या कालव्याचे पाणी या अवर्षणप्रवण पट्ट्याचे रूप पालटत होते, त्या काळात चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना येथे उभा राहिला. शेजारी माळीनगर आणि अकलूज या गावांतही कारखाने आले, पुढे भीमेवरच्या उजनी धरणाने जिल्ह्यातील उसाला आणखी पाणी पुरवले, आणि आज पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम या परिसराच्या वर्षाचा कणा होऊन बसला आहे. अशा गावातील आहाराचा विचार करताना शहरी आहारतज्ज्ञांची ठरावीक यादी फारशी उपयोगी पडत नाही, कारण येथील ताटाचा इतिहास वेगळा आहे. हे ताट कोरडवाहू शेतीच्या कष्टांसाठी घडले होते. शिवार बागायती झाले, कष्टांचे स्वरूप बदलले, आणि या बदलात ताटातील जे मोलाचे होते ते हळूहळू कमी होत गेले, तर जे जड आणि गोड होते ते वाढत गेले.

मूळ ताटाचा पाया होता रब्बी ज्वारी. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरून जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढणारी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढली जाणारी ही ज्वारी काळ्या भारी जमिनीत पिकते. त्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या गुणवत्तेची कायदेशीर ओळख, मिळाले. जिल्ह्यातल्याच मोहोळ येथील संशोधन केंद्रात निवड पद्धतीने तयार झालेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण आजही भाकरीच्या चवीचे माप मानला जातो. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, तितकेच तंतुमय पदार्थ आणि चार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. याउलट पॉलिश केलेल्या तांदळात तंतू तीन ग्रॅमांहून कमी आणि लोह एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी भरते. तंतुमय पदार्थ म्हणजे धान्याचा तो भाग जो आतड्यात पचत नाही, पण त्यामुळेच पोट भरल्याची जाणीव टिकते, जेवणानंतर रक्तातील साखर संथपणे चढते आणि शौचाला साफ होते.

ज्वारीचे हे गुण सांगताना अतिशयोक्तीचा मोह मात्र टाळायला हवा. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, त्या उत्साहात ज्वारीला जवळजवळ औषधाचा दर्जा दिला गेला; वास्तविक कोंड्यासह दळलेला गहू प्रथिने, तंतू आणि लोह या तिन्ही बाबतींत ज्वारीच्या बरोबरीचाच आहे. खरी तफावत ज्वारी आणि गहू यांत नसून अख्खे धान्य आणि कोंडा काढलेले धान्य यांत आहे, म्हणजे एका बाजूला भाकरी वा घरच्या दळणाची चपाती आणि दुसऱ्या बाजूला मैद्याचा पाव, खारी, टोस्ट आणि बिस्किटे. शिवाय केवळ ज्वारीवर जगणे धोक्याचेच होते. पेलाग्रा हा नायसिन या ब गटातील जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा, त्वचा, पचन आणि मन या तिन्हींवर परिणाम करणारा आजार दख्खनच्या पठारावरील ज्वारी खाणाऱ्या गरिबांत का दिसतो, याचा शोध हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास घेतला, आणि ज्वारीतील ल्युसिन या घटकाच्या आधिक्याकडे बोट दाखवले. त्या गरिबांच्या ताटात भाकरी होती, पण भाकरीच्या सोबतीला फारसे काही नव्हते.

म्हणून सोलापुरी ताटाचे खरे शहाणपण भाकरीपेक्षा तिच्या सोबतीत आहे. प्रथिने ज्या लहान घटकांची बनलेली असतात त्यांना ॲमिनो आम्ले म्हणतात. ज्वारीत त्यांपैकी लायसिन कमी असते आणि डाळींत ते भरपूर असते, तर डाळींत जे कमी पडते ते धान्य भरून काढते. तुरीचे वरण, मटकीची उसळ किंवा हुलग्याचे माडगे भाकरीसोबत आले की दोन अपुऱ्या प्रथिनांचे एक पुरे प्रथिन होते. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे सुमारे २४ ग्रॅम प्रथिने आणि ४० ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात, त्यामुळे उखळात कुटून तेल सुटलेली सोलापुरी शेंगाचटणी ही तोंडीलावण्याच्या नावाखाली दिलेली पोषणाची भरच आहे. जवसाच्या चटणीत अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे शरीराला स्वतः बनवता न येणारे ओमेगा-३ गटातील स्निग्धाम्ल मिळते. त्यात रानात आपोआप उगवणारी घोळ, पाथरी, तांदुळजा, पेरलेल्या हरभऱ्याचा आणि करडईचा कोवळा पाला, अंबाडी, कच्चा कांदा आणि ताक यांची भर पडली की हे ताट कोणत्याही पोषणशास्त्रज्ञाच्या कसोटीला उतरते. कडक भाकरी कित्येक दिवस टिकते, आणि ती चटणीसोबत खाता येते ही सोय तर आजच्या पाकीटबंद पदार्थांनाही लाजवणारी आहे.

या ताटाची मोडतोड कोणी ठरवून केली नाही. बागायती पट्ट्यात उसाचा फड बांधापर्यंत पोहोचला, तसा रब्बी ज्वारीसोबत हरभरा, करडई, जवस, हुलगा यांनाही थारा राहिला नाही. ही पिके एकत्र नांदत होती आणि एकत्रच निघून गेली. तणनाशकांच्या फवाऱ्यात घोळ आणि पाथरीही गेली. दुसरीकडे, २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याचा उल्लेख असला, तरी रेशन दुकानातून प्रत्यक्षात मुख्यतः गहू आणि तांदूळ मिळत राहिले. या व्यवस्थेने भूक हटवली, हे तिचे मोठे श्रेय आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु पूर्वी शेतातून घरात येणारी डाळ आणि तेलबी आता दुकानातून रोख पैशाने आणावी लागते, आणि रोख पैशाने आणायची वस्तू गृहिणी नेहमीच हात आखडून वापरते.

साखरेचे नेमके उलटे झाले. सहकारी कारखान्यांत सभासदांना सवलतीच्या दराने साखर देण्याची पद्धत आहे, आणि दिवाळीच्या तोंडावर घरात येणारी ही साखर हा सभासदत्वाचा मानही असतो. ज्या घरात साखर पोत्याने येते त्या घरात ती चमच्याने मोजली जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली घालून दिलेल्या मर्यादेनुसार वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी दहा टक्क्यांहून कमी, आणि शक्यतो पाच टक्क्यांहून कमी ऊर्जा मिळावी; सामान्य प्रौढ माणसासाठी ही दुसरी मर्यादा सुमारे २५ ग्रॅम होते. दोन चमचे साखरेच्या एका कपात आठ ते दहा ग्रॅम साखर जाते, म्हणजे तीन कपांतच दिवसाचा वाटा संपतो, आणि आल्यागेल्याला चहा न विचारणे हा अपमान समजणाऱ्या समाजात तीन कप ही फार मोठी संख्या नव्हे. उसाच्या रसात साखरेचे प्रमाण साधारणतः १२ ते १५ टक्के असते. दोनशे मिलिलिटरच्या एका पेल्यात २४ ते ३० ग्रॅम साखर गेली की त्या दिवशीच्या चहालाही जागा उरत नाही.

येथे गुळाविषयीचा लाडका समज तपासणे आवश्यक आहे. गुळात साखरेपेक्षा थोडी खनिजे अधिक असतात, परंतु त्याचा मुख्य घटक साखरच असते आणि मधुमेहींच्या रक्तात तो साखरेसारखाच वागतो. गुळाने रक्त वाढते असे सर्रास सांगितले जाते. वीस ग्रॅमच्या खड्यातून मिळणारे लोह जेमतेम एक मिलिग्रॅम, तर राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीची दैनंदिन गरज २९ मिलिग्रॅम आहे. ही गरज पालेभाजी, कडधान्ये, अख्खे धान्य आणि खाणाऱ्यांच्या घरी मांस-मासळी यांतूनच भागू शकते, त्यातही लिंबू, पेरू किंवा आवळ्यातील क जीवनसत्त्व जेवणात असले तर वनस्पतीजन्य लोह अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच घेतलेला चहा मात्र त्यातील टॅनिनमुळे हेच शोषण अडवतो. चहा जेवणापासून तासभर दूर ठेवणे ही कदाचित या पट्ट्यातील सर्वांत स्वस्त आरोग्य-सुधारणा ठरेल.

कष्टांचा हिशेबही मांडला पाहिजे. त्याच शिफारशीनुसार जड श्रम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३४७० किलोकॅलरी लागतात आणि बैठे काम करणाऱ्याला २११०. स्त्रियांसाठी हेच आकडे २७२० आणि १६६० असे आहेत. मोटेवर किंवा नांगरावर राबणाऱ्या आजोबांची भूक आणि मोटारसायकलवरून फडाची पाहणी करणाऱ्या नातवाची गरज यांत हजारांहून अधिक किलोकॅलरींचे अंतर पडू शकते, पण पोटभर म्हणजे किती याची कल्पना घरात पिढ्यान्‌पिढ्या तीच राहते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आणि उच्च रक्तदाबाचे ३५.५ टक्के आढळले. हे आजार आता फक्त शहरांचे राहिलेले नाहीत.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत दोन हजार किलोकॅलरींच्या दिवसासाठी सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध, थोडे शेंगदाणे वा तेलबिया आणि २७ ग्रॅमच्या आसपास तेल असे ताट सुचवले आहे. तराजू घेऊन कोणी जेवायला बसत नाही, हे खरेच. पण महिन्याच्या किराण्याची चिठ्ठी प्रत्येक घरात असते, आणि हेच आकडे त्या चिठ्ठीवर उतरवले तर बरेच काही उघड होते. चार प्रौढ माणसांच्या घरात महिन्याला डाळी आणि कडधान्ये मिळून दहा किलो, तेल सव्वातीन किलो, साखर आणि गूळ मिळून फार तर तीन किलो, आणि मीठ, दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या मर्यादेने, सहाशे ग्रॅम यायला हवे. बहुतेक घरांतील चिठ्ठीत डाळ आणि साखर यांचे आकडे जवळजवळ अदलाबदल झालेले आढळतील, आणि लोणचे, पापड, खारवड्या, फरसाण यांतले मीठ तर चिठ्ठीत दिसतही नाही.

उपवासाचाही एक धडा येथे आहे. पंढरपूर जवळ, तुकाराम महाराजांची पालखी अकलूज-बोरगावच्या वाटेने याच परिसरातून जाणारी, त्यामुळे एकादशी घरोघरी पाळली जाते. पण ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाण्यानेच खरी ठरवली आहे. साबुदाणा हे कंदापासून काढलेले जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्याऐवजी वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, ताक आणि एखादे फळ घेतले तर उपवास मोडत नाही आणि पोटही हलके राहते. ज्या जिल्ह्याच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेथे ते फळ फक्त बाजारासाठी पिकवायचे, असा काही नियम नाही.

अतिपोषणाची ही सारी चर्चा गावातील एका मोठ्या गटाला मात्र लागू पडत नाही. गळीत हंगामात बीड, अहिल्यानगर आणि इतर दुष्काळी भागांतून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांतील स्त्रिया पहाटेपूर्वी भाकऱ्या थापून फडात जातात, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून वाहतात आणि तीच शिळी भाकरी मिरचीच्या ठेच्याशी खातात. डाळ शिजवायला वेळ आणि सरपण दोन्ही नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनची कमतरता, असल्याचे दिसून आले, आणि ४८ टक्क्यांच्या मागील फेरीपेक्षा हे प्रमाण वाढलेले आहे. साखर कारखाने सभासदांना सवलतीची साखर देऊ शकतात, तर हंगामाच्या सहा महिन्यांत तोडणी कामगारांच्या तळावर तूरडाळ, मटकी आणि शेंगदाणे त्याच दराने देणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर सभासदांनी हा विषय आग्रहाने आणावा.