‘मला मदत नको’ इंग्रजीत कसं म्हणाल?

मित्रहो, व्याकरणावरचा लेख म्हणून पान उलटू नका. या व्याकरणापायी माझा एक चांगला दोस्त जाता जाता राहिला आहे.

सेकंड इयरला माझा रूममेट केरळचा होता. त्याला मराठी येत नव्हतं, मला मल्याळम येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे आमचा सगळा संसार इंग्रजीत. सबमिशनच्या आठवड्यात गडी तापाने फणफणला होता, तरी माझ्या ड्रॉइंगच्या राहिलेल्या शीट्स करायला रात्री बसणार म्हणून हट्ट धरून होता. मला वाईट वाटलं. सकाळी तो झोपेत असताना त्याच्या टेबलावर मी चिठ्ठी ठेवली : ‘यू मस्ट नॉट हेल्प मी.’ मनातलं वाक्य होतं, ‘अरे, मला मदत करायला नको, तू आराम कर.’

संध्याकाळी आलो तर माझ्या शीट्स गुंडाळून माझ्या कॉटवर ठेवलेल्या आणि हा भिंतीकडे तोंड करून. पुढचे चार दिवस आमचं बोलणं फक्त लाइट बंद करण्यापुरतं. पाचव्या दिवशी मेसमध्ये त्याने ताटावरून मान वर न करता विचारलं, माझं काय चुकलं? तेव्हा मला कळलं की त्याने चिठ्ठी अगदी बरोबर वाचली होती. ‘मला मदत करायची नाही, खबरदार!’ असंच मी लिहिलं होतं. लिहायला हवं होतं, ‘यू डोन्ट हॅव टू हेल्प मी.’

हा घोळ होतो कसा? ‘आय मस्ट गो’ आणि ‘आय हॅव टू गो’ या दोन्हींचा अर्थ जवळजवळ एकच, जायलाच हवं. म्हणून आपण समजतो की नकारातही दोघं भाऊ-भाऊच असणार. पण नकारात ते थेट उलट्या दिशेला जातात. आपल्या भाषेत सांगायचं तर नॉट गेट कुठे जोडला आहे ते बघायचं. ‘मस्ट नॉट’मध्ये तो कामावर बसतो : मदत न करणं हे बंधन. ‘डोन्ट हॅव टू’मध्ये तो बंधनावरच बसतो : बंधन नाही, वाटलं तर कर, नाही तर सोड. ‘नीडन्ट’ही याच दुसऱ्या गटातला. डी मॉर्गन ज्यांना पाठ आहे त्यांना हे समजायला दोन मिनिटं पुरावीत. मला दोन वर्षं लागली, तो भाग वेगळा.

दोष एकट्या इंग्रजीचा नाही. आपल्या मराठीत ‘करू नये’, ‘करायचं नाही’, ‘करता कामा नये’ ही मनाई, आणि ‘करावं लागत नाही’, ‘नाही केलं तरी चालेल’ ही मोकळीक, असे दोन स्वच्छ कप्पे आहेतच. पण रोजच्या बोलण्यात आपण ‘करायला नको’ म्हणतो आणि ते दोन्ही कप्प्यांत बसतं. ‘त्याच्याशी भांडायला नको’ म्हणजे भांडू नये. ‘आज डबा आणायला नको, मेस चालू आहे’ म्हणजे गरज नाही. सूर आणि प्रसंग यांवरून ऐकणाऱ्याला कळतं. टेबलावरच्या चिठ्ठीला सूर नसतो.

दुसरा गोंधळ ‘ला’चा. ‘त्याला सांगावं लागत नाही’ हे वाक्य घ्या. यात ‘तो’ सांगणारा आहे की ऐकणारा? दोन्ही होऊ शकतं! सांगणारा असेल तर ‘ही डझन्ट हॅव टू टेल’, ऐकणारा असेल तर ‘यू डोन्ट हॅव टू टेल हिम’. मराठीत बंधनाच्या वाक्यात कर्त्यालाही ‘ला’ लागतो (मला जावं लागतं), म्हणून घाईत ‘मी डोन्ट हॅव टू गो’ असलं काहीतरी तोंडून निघतं. उपाय साधा आहे. इंग्रजी वाक्य सुरू करण्याआधी स्वतःला विचारायचं, काम करणारा कोण? तो पुढे : आय, ही, शी, दे. ज्याच्यावर काम होतं तो क्रियापदाच्या मागे : मी, हिम, हर, देम.

आणि ‘नॉट’ने आपली जागा सोडायची नाही. तो मदतनीस शब्दाला चिकटतो, ‘मी’ किंवा ‘हिम’ला नाही. ‘यू मस्ट हेल्प हिम, नॉट मी’ म्हटलं की अर्थच बदलला : मला नको, त्याला कर.

ऑफ, डाउन असे शेपूटवाले शब्द आले की आणखी एक खोच. कॉम्प्युटर लॅबमध्ये मशीनवर रात्रभर सिम्युलेशन चालू असेल तर ‘यू मस्ट नॉट शट इट डाउन.’ इथे ‘इट’ मध्येच येतो. ‘शट डाउन द मशीन’ चालतं, ‘शट डाउन इट’ चालत नाही. आता याच मशीनबद्दल कोणी ‘यू डोन्ट हॅव टू शट इट डाउन’ लिहून ठेवलं आणि एखाद्या शहाण्याने वीज वाचवायला ते बंद केलं, तर बिचाऱ्याला बोल लावता येणार नाही. परवानगी होतीच.

ऐकतानाही सांभाळा. ‘मस्टन्ट’मधला पहिला ‘ट’ उच्चारत नाहीत आणि ‘टेल हिम’ भराभर बोलताना ‘टेलिम’ होतं. फोनवर ‘यू मसन्ट टेलिम’ ऐकू आलं तर घाबरू नका, ‘त्याला सांगायचं नाही’ एवढंच ते आहे.

हे सगळं काथ्याकूट वाटत असेल तर नेटवर्किंगवाल्यांना विचारा. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनी १९९७ मध्ये आरएफसी २११९ हा छोटा दस्तऐवज काढला, तो फक्त ‘मस्ट’, ‘मस्ट नॉट’, ‘शुड’, ‘शुड नॉट’, ‘मे’ अशा शब्दांचे अर्थ पक्के करायला. त्यात ‘मस्ट नॉट’ म्हणजे पूर्ण बंदी. ‘शुड नॉट’ म्हणजे टाळावं, पण सबळ कारण असेल तर विचार करून करता येतं. ‘मे’ म्हणजे ऐच्छिक. ‘मे नॉट’ मात्र त्या यादीत नाही. ‘ही मे नॉट कॉल यू’ म्हणजे त्याने फोन करायला मनाई आहे, की तो कदाचित करणार नाही? दोन्ही अर्थ निघतात.

रूममेटला मी मेसमध्येच हे सगळं समजावलं, अर्थात मोडक्या इंग्रजीत. तो इतका हसला की ठसका लागला. मग म्हणाला, शीट्स आण. मी म्हटलं, ‘यू डोन्ट हॅव टू.’ म्हणाला, ‘आय नो.’ आणि टी-स्क्वेअर उचलला.

जाता जाता तीन वाक्यं देतो, इंग्रजी करून बघा. ‘तिला बोलवायला नको, ती येईलच.’ ‘मला त्यांना पैसे द्यावे लागले नाहीत.’ ‘ती बंद करू नकोस’ (ती म्हणजे मोटर). उत्तरं घेऊन माझ्या खोलीवर या. चहा तुमचा.