उलट्या तर सगळ्यांनाच होतात!

गरोदरपणातल्या तीव्र उलट्यांमुळे इस्पितळात दाखल झालेल्या बाईला सर्वांत जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे, "अगं, उलट्या तर सगळ्यांनाच होतात." भेटायला आलेली आत्या म्हणते, शेजारच्या कॉटवरची म्हणते आणि सलाईनची बाटली बदलता बदलता सिस्टरही म्हणते. पाठोपाठ दुसरं येतंच: "मन खंबीर ठेव, थांबतील आपोआप." किडनी ट्रे हनुवटीखाली धरून मी ही दोन्ही वाक्यं ऐकलेली आहेत. तेव्हा पुढे कुठे त्रागा दिसला तर सांभाळून घ्या.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. दहातल्या सात-आठ गरोदर स्त्रियांना मळमळतं किंवा उलट्या होतात. पण हायपरएमेसिस ग्रॅव्हिडेरम हा आजार शंभरात फार तर तिघींना होतो. त्यात घोटभर पाणीही पोटात ठरत नाही. लघवी गडद आणि थोडी होते, रक्तातलं पोटॅशियम उतरतं, दिवस जाण्याआधीच्या वजनातलं ५ टक्क्यांहून जास्त वजन जातं. म्हणजे ६० किलोची बाई, पोटात बाळ असताना, ५७च्या खाली येते. याला 'डोहाळे कडक आहेत' म्हणणं म्हणजे न्यूमोनियाला पडसं म्हणणं.

दुसऱ्या वाक्याचा मला जास्त राग आहे, कारण ते एके काळी डॉक्टरांनीच शिकवलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मनोविश्लेषणाचा जोर होता. बाईला हे मूल मनातून नको आहे, म्हणून शरीर ते 'ओकून टाकतंय', अशी उपपत्ती पाश्चात्त्य वैद्यकात गांभीर्याने मांडली गेली. मग उपचारही तसेच: तिला एकटं ठेवा, नातेवाइकांना भेटू देऊ नका, उलटीचं भांडंसुद्धा काढून घ्या. ती उपपत्ती पाठ्यपुस्तकांतून गेली, वॉर्डातून काही गेली नाही. 'सासरी काही ताण आहे का?' हा प्रश्न राउंडला आजही विचारला जातो, आणि तो रक्ताचा रिपोर्ट येण्याआधी.

आता वस्तुस्थिती. मार्लेना फेज्झो या अमेरिकन संशोधिकेला १९९९मध्ये हाच आजार झाला. त्रास इतका आहे यावर डॉक्टरांचा विश्वास बसला नाही आणि तिचं बाळ गेलं. पुढची कित्येक वर्षं तिने याचं कारण शोधण्यात घालवली. डिसेंबर २०२३मध्ये केंब्रिजच्या स्टीफन ओ'राहिली यांच्या गटासोबतचा तिचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. त्यानुसार मुख्य गुन्हेगार जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या उलटीच्या केंद्राला चेतवतं, आणि गरोदरपणी आईच्या रक्तात वाढलेलं जीडीएफ-१५ बहुतांशी बाळ-वारेकडून आलेलं असतं. जिच्या रक्तात हे संप्रेरक आधीपासून कमी असतं, तिच्या शरीराला त्याची सवय नसते. अचानक वाढलं की ती आडवी होते. उलट बीटा थॅलेसेमिया असलेल्या स्त्रियांमध्ये ते कायमच जास्त असतं, आणि त्यांना गरोदरपणात मळमळ फारच कमी होते. आता यात मनाचा खंबीरपणा कुठे बसवायचा, ते आत्याबाईंनी सांगावं.

मन खचतं, पण आजारानंतर. ब्रिटनमध्ये हा त्रास झालेल्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी २०२१मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे ५ टक्के जणींनी हवं असलेलं मूल पाडलं होतं, आणि निम्म्याहून जास्त जणींच्या मनात तो विचार येऊन गेला होता.

इस्पितळातला सगळ्यात लाडका गैरसमज म्हणजे ग्लुकोजची बाटली. "डॉक्टर, ग्लुकोज लावा ना, तरतरी येईल," असं नातेवाईक सांगतात आणि काही ठिकाणी ती लावलीही जाते. इथे जरा थांबा. शरीराला ग्लुकोज वापरायला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व लागतं. कित्येक आठवडे अन्न न टिकलेल्या बाईकडे त्याचा साठा तळाला गेलेला असतो. अशा वेळी थायमिन न देता ग्लुकोज सोडलं, तर वेर्निके एन्सेफॅलोपथी नावाचा मेंदूचा आजार होऊ शकतो: डोळ्यांच्या हालचाली बिघडतात, तोल जातो, गोंधळ होतो, कधी स्मृती कायमची अधू होते. म्हणून आधी थायमिन. आणि पहिली बाटली साध्या मिठाच्या पाण्याची, गरजेप्रमाणे पोटॅशियम घालून.

दुसरा गैरसमज किटोनचा, म्हणजे उपाशी शरीर चरबी जाळतं तेव्हा बनणाऱ्या पदार्थांचा. "लघवीत किटोन नाहीत, म्हणजे विशेष काही नाही, जा घरी." ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्सच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की किटोनवरून शरीरातलं पाणी किती घटलं हे कळत नाही, आणि आजाराची तीव्रता त्यावरून ठरवू नये. वजन, खाणंपिणं, रक्तातले क्षार बघा. आणि हो, बाईला विचारा.

औषधांची भीती समजण्यासारखी आहे. थॅलिडोमाइड गरोदरपणातल्या मळमळीवरही दिलं जात होतं आणि १९६१मध्ये मागे घेईपर्यंत त्याने हजारो मुलं अपंग जन्मली. पण त्या धसक्याने भलतीच औषधंही बदनाम झाली. डॉक्सिलामाइन आणि बी-६ यांची गोळी अमेरिकेत जन्मजात व्यंगांबद्दलच्या खटल्यांच्या भडिमारामुळे १९८३मध्ये कंपनीने बंद केली. व्यंगांचा पुरावा काही सापडला नाही, मधल्या काळात उलट्यांसाठी दाखल होणाऱ्या बायका मात्र वाढल्या. २०१३मध्ये तेच मिश्रण अमेरिकन औषध प्रशासनाच्या मंजुरीने परत आलं. उलट्या थांबवणाऱ्या ऑनडॅनसेट्रॉनबद्दल २०१८च्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात पहिल्या तिमाहीत घेतल्यास दर दहा हजार बाळांमागे टाळू-ओठ दुभंगण्याच्या सुमारे तीन जादा घटना दिसल्या. तो धोका डॉक्टरांनी सांगावा, बाईने तोलावा. "गरोदरपणात औषध नकोच" हे मात्र वैद्यकीय मत नव्हे.

बाकीचे फुटकळ. आलं-लिंबू: साध्या मळमळीला ठीक, इथे नाही. "जास्त उलट्या म्हणजे मुलगी": मोठ्या आकडेवारीत बारीकसा कल दिसतो, एका पोटाबद्दल त्यावरून काहीही सांगता येत नाही, आणि आपल्याकडे हा प्रश्न का विचारतात ते ठाऊक आहे, तेव्हा पुरे. "बाळ आईकडून हवं ते ओढून घेतं": आईचं वजन फार घटलं तर बाळही कमी वजनाचं जन्मू शकतं. पेशंटच्या कॉटशेजारी बसून डबा उघडू नये. हा गैरसमज नाही, विनंती आहे, या दिवसांत फोडणीचा वास दोन खोल्यांपलीकडून येतो.

"तिसरा महिना सरला की संपलं." बहुतेकींचं विसाव्या आठवड्यापर्यंत ओसरतं, काहींचं थेट बाळंतपणापर्यंत चालतं. एकदा सलाईन घेऊन घरी गेलेली बाई चार दिवसांत परत दाखल होणं यात नवल काहीच नाही, आणि ते तिचं अपयशही नाही. डिस्चार्जच्या वेळी कोणत्या गोळ्या किती दिवस, आणि पुन्हा कधी यायचं, हे कागदावर लिहून मागा: दिवसभर काहीच पोटात न राहणं, लघवी जवळजवळ बंद होणं, उभं राहताच भोवळ, उलटीत रक्त, किंवा डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं. शेवटचं असेल तर सकाळची वाट पाहू नका.