लंबर लागला, आता पुढे काय?

गट कार्यालयात आमच्याकडे येणारी माणसे सहसा नोंदीसाठी येतात, बेण्यासाठी येतात, नाहीतर तोडीचा लंबर कधी लागणार म्हणून भांडायला येतात. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी सोनपेठ तालुक्यातले आपले एक सभासद आले ते वेगळ्याच लंबराचे विचारायला. "साहेब, पोरीचा लंबर लागला परभणीला, एम.एस्सी.ला. आता काय करावं?" हातात मोबाईल, मोबाईलवर इंग्रजीतला कागद आणि हजर व्हायला उरलेले दिवस चार.

आता खरे सांगायचे तर हा प्रश्न विचारायला आम्ही योग्य माणूस नव्हतो. आम्ही स्वतः कृषी पदविकेवर थांबलो. थांबलो म्हणजे, त्या वर्षी घरात पैसे नव्हते आणि पुढचे कोणाला विचारावे हे वडिलांना ठाऊक नव्हते. म्हणूनच त्या माणसाला "तुमचे तुम्ही बघा" म्हणणे आम्हाला जमले नाही.

परभणीचे विद्यापीठ आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे, पण ते बियाण्याच्या रांगेपुरते. १८ मेच्या खरीप मेळाव्याला आणि १७ सप्टेंबरच्या रब्बी मेळाव्याला आपण जातो, तूर-सोयाबीनच्या पिशव्या घेतो आणि दुपारची गाडी धरतो. निजामाच्या काळात १९१८ साली तिथे मुख्य प्रयोगक्षेत्र सुरू झाले, १९५६ साली कृषी महाविद्यालय आले आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ उभे राहिले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. आमचे हे सभासद वीस वर्षे त्या फाटकातून आत-बाहेर करत होते. आत शिकायला कसे जायचे, हे मात्र त्यांना माहीत नव्हते.

घरात दोन मते होती. सभासदांचे म्हणणे, बी.एस्सी. झाली, आता सोयरीक बघावी. पोरगी गप्प. शेवटी तिची माय बोलली, "मला सातवीत घरी बसवलं तवा कुणी इचारलं नव्हतं. हिला तरी इचारा." मग पोरीला विचारले. ती म्हणाली, "जायचंय." तेवढ्यावर विषय संपला.

पैशाचा संपला नव्हता. चौदा दिवसांत उसाचे बिल द्यावे असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, पण ऊस रानात उभाच असेल तर बिल कुठले? गाळप सुरू व्हायला अवकाश होता. सुदैवाने त्यांनी आमच्या मागे लागण्याला कंटाळून बारा गुंठ्यांचा बेणेमळा केला होता. दहा महिन्यांचे कोवळे, रसरशीत बेणे. पूर्वहंगामी लागणीसाठी दोघा शेजाऱ्यांनी ते रोखीने उचलले आणि पहिली फी त्यातून भागली. बेणेमळा करा म्हणून आम्ही दरवर्षी घसा कोरडा करतो, त्यात हे कारण कधी सांगितले नव्हते. आता सांगू.

कागदपत्रांचे मात्र सविस्तर लिहितो, कारण घोडे तिथेच अडते. प्रवेश केंद्रीय पद्धतीने होतात. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या जागा एकत्र, पसंतीक्रम आपण द्यायचा आणि फेरीत जागा लागली की ठरलेल्या मुदतीत मूळ कागदांसह हजर व्हायचे. मुदत हुकली की जागा पुढच्याला. या पोरीचे दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव आणि आधारवर दुसरे, म्हणजे वडिलांच्या नावात एक काना कमी. त्यासाठी प्रतिज्ञापत्र. बी.एस्सी. दुसऱ्या विद्यापीठाची, म्हणून स्थलांतर प्रमाणपत्र. ते ज्या कार्यालयातून आणायचे तिथे पहिल्या दिवशी "उद्या या" आणि दुसऱ्या दिवशी "साहेब जेवायला गेलेत". तिसऱ्या दिवशी कागद हातात पडला. नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपत आलेली होती, ते तहसीलला आधीच टाकलेले म्हणून निभावले. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र विद्यार्थ्याचे वेगळे आणि पालकाचे वेगळे असते. सही करताना सभासदांनी विचारले, "हे काय असतं?" आम्ही समजावले. ते म्हणाले, "असलं काही झालं तर मी ट्रॅक्टर घेऊनच येतो." असो.

आमची विनंती अशी की ज्यांच्या घरात शेवटच्या वर्षाला मूल आहे त्यांनी हे दाखले निकालाची वाट न बघता उन्हाळ्यातच काढून ठेवावेत. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आपले मूल त्यात बसते का, हे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात पहिल्या आठवड्यातच विचारावे.

पुढचा वाद वसतिगृहाचा. सभासद म्हणाले, एस.टी. आहे, पोरगी अपडाऊन करेल. इथे आम्ही जरा कडक बोललो. एम.एस्सी. म्हणजे दहा ते पाचचा वर्ग नव्हे. प्रयोगाचा प्लॉट सकाळी सातला बघावा लागतो आणि प्रयोगशाळेत मातीचे नमुने लावले की रात्र होते. गाडी चुकेल म्हणून नमुना अर्धा सोडता येत नाही. शेवटी खोली मिळाली. एक गादी, एक बादली, टेबलाचा दिवा आणि मायने दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. पहिल्या महिन्यात खाणावळीच्या भाजीबद्दल रोज फोन यायचा, मग बंद झाला. सवय झाली असावी, किंवा चटणी पोचत राहिली असावी.

अभ्यासाचा हिशेब तिने आम्हाला समजावला तो असा. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या २०२१ च्या नव्या अभ्यासक्रमाप्रमाणे एम.एस्सी. सत्तर क्रेडिटची. चाळीस वर्गातली, तीस संशोधनाची. वर्गातल्यांत मुख्य विषयाची वीस, गौणची आठ, पूरकची सहा, बाकी ग्रंथालय, लेखन वगैरे. संशोधनाला मार्गदर्शक आणि सल्लागार समिती असते. विषयाचा आराखडा समितीपुढे वेळेत मांडावा लागतो, कारण खरीप कोणासाठी थांबत नाही. मृग निघून गेला आणि आराखडा मंजूर नसेल, तर प्रयोग पुढच्या वर्षावर जातो. ही गोष्ट शेतकऱ्याच्या पोरीला सांगावी लागली नाही. तिचा आराखडा उन्हाळ्यात तयार होता.

तिला उसावरच काम करायचे होते. खोडव्यात पाचट ठेवावे की जाळावे, हा तिच्या घरचा जुना वाद. विषय मिळाला सोयाबीनचा. सभासद नाराज झाले. आम्ही म्हणालो, दादा, परभणीचा हात ज्वारी, कापूस, तूर, सोयाबीनवर बसलेला आहे, उसाचे संशोधन केंद्र पाडेगावला. पीक कुठले का असेना, मोजायचे कसे हे तिला शिकू द्या.

आणि मोजण्यावरूनच आमची फजिती झाली. दिवाळीत ती गट कार्यालयात आली होती. भिंतीवर आमच्या प्रात्यक्षिक प्लॉटचा तक्ता, ठिबकावर इतके टन, पाटपाण्यावर इतके. तिने तो वाचला आणि विचारले, "काका, पुनरावृत्ती किती घेतल्या?" आम्ही म्हणालो, एकच. "मग ठिबकचा प्लॉट कुठल्या अंगाला होता?" आमच्या लक्षात आले. ओढ्याकडच्या काळ्या, खोल रानात तो होता, आणि पाटपाण्याचा वरच्या मुरमाड अंगाला. तिने कागदावर चौकोन काढून दाखवले. एकाच रानाचे तीन-चार पट्टे करायचे, प्रत्येक पट्ट्यात दोन्ही पद्धती यायला हव्यात, आणि कुठली कुठे हे चिठ्ठी टाकून ठरवायचे, म्हणजे चांगली जमीन एकाच्याच वाट्याला जात नाही. हे सगळे पानसे आणि सुखात्मे यांच्या पुस्तकात आहे म्हणाली. १९५४ साली निघालेले ते संख्याशास्त्राचे पुस्तक देशभरातले कृषी पदव्युत्तर विद्यार्थी वापरत आले आहेत. दोघेही मराठी माणसे, त्यांतले सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पदविकेत आम्ही त्यांचे नाव ऐकल्याचे आठवत नाही. ऐकले असेल तर लक्ष नव्हते.

ठिबकने ऊस वाढत नाही असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पण त्या तक्त्यातला सगळाच फरक ठिबकचा होता, हे आता छातीठोकपणे सांगता येणार नाही. तक्ता आम्ही भिंतीवरून काढला.

यंदा जूनमध्ये तिचा सोयाबीनचा प्रयोग पेरला गेला. पुढे पावसाने ओढ दिली तेव्हा सभासद दर दोन दिवसांनी फोन करून पोरीची नव्हे, प्लॉटची खुशाली विचारत होते. उगवण टिकली. आता मळणी आणि वजने झाली, की आकडे जुळवणे आणि प्रबंध. सोयरिकीचा विषय तूर्त त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला आहे.

पाचटाचा प्रश्न मात्र राहिलाच होता. तो यंदाच्या खोडव्यात आपल्याच रानात घेण्याचे ठरले आहे. पाचट ठेवलेला आणि जाळलेला असे दोन प्रकार, चार पट्टे, चिठ्ठ्या ती टाकणार. जाळायला तयार असलेले सभासद पुष्कळ आहेत, ठेवायला तयार असलेले कमी. सारख्या पोताचे एक एकर रान आणि स्वतंत्र वजन करू देण्याची तयारी ज्यांची असेल, त्यांनी पहिली तोड पडण्याआधी गट कार्यालयात नाव द्यावे.